लोखंडावरचा रंग टिकवायचा कसा: मराठवाड्याच्या उन्हापावसासाठी

गेटाचा रंग दोन पावसाळ्यांत उडाला की खापर फुटतं ते डब्यावर. ‘यंदा भारीतला आणू’ म्हणत माणूस पुढच्या खेपेला दुप्पट पैसे मोजतो, आणि तोही रंग त्याच जागी पोपडे धरतो. लोखंड किती स्वच्छ आहे, किती कोरडं आहे आणि रंग लावताना किती तापलेलं आहे, या तीन गोष्टी जमल्या तर दुकानातला साधा ऑइल पेंटही आपल्या हवेत बरीच वर्षं काढतो. त्या जमल्या नाहीत तर कितीही महागाचा डबा वाया जातो.

आपल्याकडे लोखंड गंजतं कुठे

कोकणासारखी खारट हवा आपल्याकडे नाही, ही मोठी सवलत आहे. लोखंड गंजायला पाणी आणि प्राणवायू दोन्ही लागतात, सोबत क्षार असले की गंज धावत सुटतो. वर्षातला बराच काळ आपली हवा कोरडी असते, म्हणून सरळ उभा, मोकळा पाइप इथे सावकाश गंजतो. झपाट्याने खाल्लं जातं ते पाणी अडकणाऱ्या जागी: गेटाच्या खालच्या आडव्या पट्टीत, वेल्डिंगच्या खाचेत, दोन पत्र्यांच्या जोडाखाली आणि खांब जिथे जमिनीत शिरतो तिथे. काळी माती पाणी धरून ठेवते. वरून भेगाळलेली दिसली तरी वीतभर खाली ओल असतेच.

दुसरा शत्रू ऊन. मे महिन्यात परभणी-नांदेडकडे पारा ४२-४४ अंशांवर जातो, तेव्हा उन्हातला पत्रा सहज ६० अंशांच्या पुढे तापलेला असतो. उन्हातल्या अतिनील किरणांनी रंगातला राळेचा भाग तुटतो, चमक जाते, बोट फिरवलं की पांढरी भुकटी लागते. शिवाय दिवसा लोखंड पसरतं आणि रात्री आखडतं. कडक झालेल्या थराला हे रोजचं ताणणं सोसत नाही, आणि तो आधी कडेला तडकतो.

रंगाचा कुठलाच थर पूर्ण पाणीबंद नसतो, हेही ध्यानात ठेवा. पाण्याची वाफ थोडीफार आत जातेच. थर लोखंडाला घट्ट चिकटलेला असेल तर तिला साठायला जागा मिळत नाही. पण थराखाली क्षार राहिले असतील तर ते पाणी ओढून घेतात आणि रंगाला फोड येतात. बोअरच्या जड पाण्याने गेट धुऊन, ते तसंच वाळवून त्यावर प्रायमर मारला की नेमकं हेच होतं. शेवटचा हात गोड्या पाण्याचा, आणि लगेच कोरड्या फडक्याचा.

कामाआधी: जुना रंग ठेवायचा की काढायचा

नवीन काम असेल तर लोखंडाकडे नीट पाहा. गरम लाटलेल्या अँगलवर, पट्टीवर निळसर-काळी चकचकीत खपली असते. जालन्याच्या किंवा कुठल्याही रोलिंग मिलमध्ये लालबुंद लोखंड लाटलं जातं, तेव्हा हवेशी संयोग होऊन ती तयार होते. दिसायला ती इतकी घट्ट आणि गुळगुळीत असते की वेल्डिंगवाला थेट तिच्यावर रेड ऑक्साइड, म्हणजे तांबडा प्रायमर, मारून मोकळा होतो. पण ती खपली कालांतराने तडकते, तडकेतून पाणी शिरतं, आणि खपली निघते ती वरचा सगळा रंग घेऊनच. पोपडा उचलून उलटा करून पाहा. मागे काळी चकाकी दिसली तर दोष रंगाचा नाही.

चौकोनी पाइप बहुतेक वेळा तेलकट येतो. गॅल्व्हनाइज्ड, म्हणजे जस्ताचा थर दिलेल्या पत्र्याची गोष्ट वेगळीच, ती पुढे येते.

जुन्या रंगासाठी घरच्या घरी करण्याजोगी एक परीक्षा आहे. धारदार ब्लेडने सहा उभ्या आणि सहा आडव्या रेषा मारा, साधारण दोन-दोन मिलिमीटर अंतरावर, पार लोखंडापर्यंत. त्यावर चिकटपट्टी दाबून बसवा आणि झटक्यात ओढा. एखाद-दुसऱ्या चौकोनाचा कोपरा निघाला तर जुना रंग धरून आहे, घासून त्यावरच काम करता येईल. चौकोनच्या चौकोन पट्टीला चिकटून आले तर सगळा रंग खरवडायची तयारी ठेवा. ही परीक्षा गेटाच्या मधोमध न करता खाली, बिजागरीजवळ करा.

दुसरी परीक्षा थिनरची. एन. सी. (नायट्रोसेल्युलोज) थिनरमध्ये भिजवलेलं फडकं जुन्या रंगावर मिनिटभर दाबून धरा. रंग सुरकुतला, फुगला किंवा फडक्याला लागला तर तो साधा ऑइल पेंट आहे. त्यावर एपॉक्सी किंवा पी. यू. (पॉलियुरेथेन) हे हार्डनर मिसळून लावायचे दोन डब्यांचे रंग मारू नका. त्यांचा थिनर जुना थर उचलतो आणि सगळं काम सुरकुत्यांनी भरतं. ‘घरात एपॉक्सी उरलाय, तोच मारून टाकू’ या विचाराने बरीच गेटं खराब झालेली आहेत.

फार जुना, जाड, शेंदरी किंवा पिवळा रंग असेल तर कोरडा घासू नका. जुन्या रंगांत शिसं असायचं. घरगुती रंगांत शिशाचं प्रमाण ९० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ९० भागांच्या) आत ठेवणारे नियम आपल्याकडे २०१६ मध्ये निघाले आणि २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू झाले. त्याआधीच्या थराची धूळ लेकरांच्या पोटात जाऊ नये. पाणी लावून घासा, खाली गोणपाट अंथरा, खरवड गोळा करा.

घासणं

आधी तेल, मग गंज. हा क्रम उलटा झाला की तारेचा ब्रश तेल सगळीकडे पसरवत फिरतो. थिनरचं फडकं फिरवा, मळलं की बदला. एकाच चिंधीने सगळं गेट पुसलं तर तेल फक्त इकडून तिकडे जातं.

मग सुटा गंज पत्तीने खरवडा, ग्राइंडरवर तारेचा कप ब्रश लावून फिरवा, शेवटी ८० नंबरचा पॉलिश पेपर. कप ब्रशचा एक दोष आहे: जास्त वेळ फिरवला तर गंज निघण्याऐवजी घोटला जातो आणि तपकिरी चकाकी येते. ती स्वच्छ लोखंडाची चमक नव्हे. अशा जागी ग्राइंडरला फ्लॅप डिस्क (पॉलिश पेपरच्या पाकळ्यांची चकती) लावा. खपलीही फ्लॅप डिस्कनेच निघते, तारेच्या ब्रशला ती दाद देत नाही.

वेल्डिंगचे जोड हा खरा परीक्षेचा भाग. जोडावर स्लॅगचा काचेसारखा थर असतो, आजूबाजूला ठिणग्यांचे बारीक मणी चिकटलेले असतात. हे सगळं छिन्नी-हातोडीने आणि ग्राइंडरने काढावंच लागतं. मण्याच्या टोकावर रंग ठरत नाही, तिथून गंजाचा पहिला तांबडा ओघळ निघतो. जोडात टाचणीएवढी भोकं दिसली तर ती लांबीने (पुट्टीने) बुजवू नका, पुन्हा वेल्डिंग मारून घ्या. धारदार कडा दोन मिलिमीटरइतक्या गोल करा, कारण ओला रंग धारेवरून मागे सरतो आणि नेमक्या तिथेच थर पातळ राहतो.

मोठं काम असेल, शेडच्या कैच्या, टाकी, ट्रॉलीची चेसिस, तर ब्लास्टिंग, म्हणजे हवेच्या दाबाने खरखरीत कण मारून सफाई, करून घ्या. वाळूज-चिकलठाण्याकडे ही सोय मिळते. कारखान्याच्या भाषेत हातघाशीची प्रत एसटी २ किंवा एसटी ३ आणि ब्लास्टिंगची एसए २½. एपॉक्सी आणि झिंकचे रंग या शेवटच्या प्रतीवरच खुलतात. झिंक-रिच (जस्ताची भुकटी भरपूर असलेल्या) प्रायमरला तर लोखंडाचा थेट स्पर्श लागतो, गंजावर मारलेला तो नुसताच महागडा करडा रंग. नदीची वाळू वापरून कोरडं ब्लास्टिंग कुणी करत असेल तर तिथे थांबू नका. त्या धुळीने सिलिकोसिस होतो, आणि तो बरा होत नाही. कॉपर स्लॅग किंवा गार्नेट मागा.

बाजारात गंजावर थेट लावायची औषधं मिळतात. फॉस्फोरिक आम्लाची असतात, टॅनिनची असतात, टॅनिनने गंज काळा पडतो. घट्ट बसलेल्या पातळ गंजावर ती कामाची आहेत. सुट्या पापुद्र्यावर लावली तर वरचा पापुद्रा काळा होतो, खालचा तसाच राहतो. काही ठिकाणी संडास धुण्याचं ॲसिड ओतून गंज काढतात. गंज निघतो खरा, पण त्यातला क्लोराइड खाचेत राहतो आणि आतून खातो. त्या वाटेला जाऊ नये.

घासून झालं की त्याच दिवशी प्रायमर. ‘आज घासून ठेवू, उद्या रंग लावू’ हे पावसाळ्यात तर नकोच, हिवाळ्यातही नको. पहाटेच्या दवाने उघड्या लोखंडावर नारिंगी झाक येते.

प्रायमर आणि रंग: कशावर काय

घराचं गेट, खिडकीची ग्रिल, जिन्याचा कठडा यांना एपॉक्सीची गरज नाही. साधी आणि चालणारी जोडणी म्हणजे झिंक फॉस्फेट प्रायमरचे दोन हात आणि वर सिंथेटिक इनॅमलचे, म्हणजे दुकानातल्या ऑइल पेंटचे, दोन हात. रेड ऑक्साइड स्वस्त आहे आणि सगळीकडे मिळतो, पण त्यातला तांबडा भाग हा लोह ऑक्साइडच असतो. तो गंजाला अटकाव करत नाही, फक्त झाकतो. झिंक फॉस्फेट लोखंडाच्या पृष्ठभागावर गंजाची क्रिया मंदावतो. दोन्हींच्या भावातला फरक पाहिला तर गेटाच्या एकूण मजुरीपुढे तो किरकोळ आहे. मी तरी तिथे काटकसर करू नका असंच सांगेन.

उन्हात राहणारी आणि खरंच टिकवायची मोठी वस्तू असेल तर एपॉक्सी प्रायमर आणि वर पी. यू. एपॉक्सी चिकटतो घट्ट, पाणी अडवतो चांगलं, पण उन्हात भुकटी सोडतो. पी. यू. ऊन सोसतो. नुसता एपॉक्सी मारून गच्चीवरची टाकी सोडली तर एका उन्हाळ्यात ती पांढरट पडते. पावडर कोटिंग (रंगाची भुकटी लावून भट्टीत भाजणं) करणार असाल तर बाहेरच्या कामाला पॉलिएस्टर पावडर मागा, एपॉक्सीची पावडर घरातल्या रॅकसाठी. भट्टीत जाण्याआधी लोखंड धुऊन फॉस्फेटच्या टाक्यांतून काढलं जातं का, तेही विचारा.

गॅल्व्हनाइज्ड पत्र्यावर ऑइल पेंट थेट मारू नका. रंगातलं तेल आणि पत्र्यावरचं जस्त यांची क्रिया होऊन मधे साबणासारखा थर बनतो, आणि वर्षा-दोन वर्षांत रंग चादरीसारखा निघतो. नवा पत्रा थिनरने पुसा, बारीक पॉलिश पेपरने हलकासा खरखरीत करा, त्यावर जी. आय. (गॅल्व्हनाइज्ड) पत्र्यासाठीचा एच (etch) प्रायमर, म्हणजे जस्ताला धरणारा प्रायमर, आणि मग रंग. पत्रा आणखी काही वर्षं उघडा ठेवायला हरकत नसेल तर तसाच राहू द्या, जस्त त्याचं काम करतंय. तांबडे डाग दिसू लागले की मग रंगाचा विचार. छतावर ॲल्युमिनियम पेंट बरा, ऊन परतवतो आणि खालच्या माणसाला थोडं सुख देतो.

किती रंग लागेल

डब्यावर घन भागाची, म्हणजे सुकल्यावर मागे राहणाऱ्या भागाची, टक्केवारी दिलेली असते. ती १० ने गुणा आणि सुकलेल्या थराच्या मायक्रॉनने (मिलिमीटरचा हजारावा भाग) भागा. उत्तर येतं ते लिटरमागे चौरस मीटर. ४० टक्के घन भागाच्या रंगाचा ४० मायक्रॉनचा थर हवा असेल तर लिटरला १० चौरस मीटर. हे कागदावरचं गणित. सांडणं, ब्रशला राहणं धरून सपाट कामात ८ धरा, ग्रिलला त्याहूनही कमी.

वीस फूट बाय तीस फुटांच्या शेडचं छत ६०० चौरस फूट, म्हणजे साधारण ५६ चौरस मीटर. पन्हाळीमुळे वाढ धरून ६३-६४. एका हाताला आठ लिटर लागतात. कुणी पाच लिटरमध्ये आटोपतो म्हणाला तर तो थिनर मोजतोय. दोन इंची चौकोनी पाइप मोजायचा असेल तर पाच मीटर लांबीला एक चौरस मीटर धरा.

इनॅमलचा एक हात सुकून २५-३० मायक्रॉन बसतो. प्रायमर धरून चार हातांत शंभरच्या आसपास थर मिळतो, आपल्या हवेला तेवढा पुरे. जाड थर एकदम देण्याच्या मोहात पडू नका. वरून साय धरते, आत ओलं राहतं, आणि सुरकुत्या पडतात.

दिवस आणि वेळ

आपल्याकडे दसऱ्या-दिवाळीला रंग काढायची रीत. घराला ते ठीक, लोखंडाला मात्र घाई होते. परतीचा पाऊस अजून मागे लागलेला असतो, पाइपाच्या पोटात, गंजाच्या खाली ओल असते. खंडे नवमीच्या आदल्या दिवशी ट्रॉलीला घाईने फासलेला रंग होळीपर्यंत फुगे धरतो तो यामुळेच. दिवाळी झाली, ढग निघून गेले, की नोव्हेंबरचा मध्य ते फेब्रुवारीअखेर हा सगळ्यात चांगला काळ.

या दिवसांत दवाचं भान ठेवा. लोखंडाचं तापमान दवबिंदूपेक्षा (ज्या तापमानाला दव धरतं त्यापेक्षा) निदान तीन अंशांनी वर हवं आणि हवेतली आर्द्रता ८५ टक्क्यांच्या आत. यंत्र नसेल तर ओलं फडकं एका जागी फिरवा. दहा-पंधरा मिनिटांत डाग वाळला तर सुरू करा. सकाळी साडेनऊच्या आत ब्रश उचलू नये आणि दुपारी चारनंतर नवा हात घेऊ नये, म्हणजे दव पडायच्या आत वरचा थर आवळतो.

उन्हाळ्यातच करायची वेळ आली तर उजाडल्यापासून नऊपर्यंत, किंवा मग सावलीत नेऊन. तळहाताची मागची बाजू लोखंडावर पाच सेकंद टेकवता येत नसेल तर थांबा. इतक्या तापलेल्या पत्र्यावर रंग पसरायच्या आतच वाळतो, टाचणीची भोकं पडतात, ब्रशच्या रेघा तशाच राहतात. पेंटर मग थिनर ओततो, थर आणखी पातळ होतो.

रंग लावताना

डब्याच्या तळाशी बसलेला भाग काठीने पूर्ण उचलून घ्या, तो रंगाचा जीव असतो. इनॅमलला टर्पेंटाइन, एपॉक्सीला एपॉक्सीचा थिनर, पी. यू.ला पी. यू.चा. रॉकेल कशालाच नाही, ते तेलकट मागे राहतं.

दोन डब्यांच्या रंगात बेस आणि हार्डनरचं प्रमाण कंपनीगणिक बदलतं, अंदाजाने घेऊ नका, मापाने मोजा. जास्त हार्डनर टाकला की लवकर वाळेल हा समज चुकीचा आहे, थर ठिसूळ होतो. मिसळल्यावर एपॉक्सीला डब्यावर सांगितलेला वेळ मुरू द्या. मिसळलेला रंग किती वेळ चालेल, हे डब्यावर बहुधा २५-३० अंशांसाठी लिहिलेलं असतं. दहा अंश वाढले की तो वेळ जवळपास निम्मा होतो. उन्हाळ्यात म्हणून थोडाथोडाच मिसळा आणि डबा ओल्या गोणपाटात ठेवा. पी. यू.चा हार्डनर दमट हवेत उघडा ठेवू नका. त्याची फवारणी करायची तर साधा रुमाल चालत नाही, कार्ट्रिजचा मास्क लागतो.

पहिला ब्रश सपाट भागावर नाही, कडा, जोड, बोल्टची डोकी, बिजागरीच्या खाचा यांवर. ब्रशने रंग आत ढकलत न्या. हा पट्ट्यांचा हात झाला की मग पूर्ण हात. प्रायमर एका रंगाचा आणि रंगाचा पहिला हात वेगळ्या छटेचा घ्या, म्हणजे कुठे राहून गेलं ते लगेच दिसतं. इनॅमलच्या दोन हातांमधे रात्र जाऊ द्या. एपॉक्सीला मात्र उलटी अट असते: फार दिवस गेले तर थर इतका कडक होतो की वरचा हात धरत नाही, पुन्हा घासावं लागतं.

खांबाचं तोंड विसरू नका. जमिनीखाली एक वीत आणि वर एक वीत डांबरी काळा रंग द्या, आणि काँक्रीटचा वरचा भाग उतरता करा म्हणजे पाणी खांबाशी थांबणार नाही. पाइपाची उघडी वरची तोंडं टोपी लावून बंद करा, खालच्या पट्टीला पाणी निथळायला भोक ठेवा.

कूलर, ट्रॉली आणि टँकर

गुढीपाडव्याच्या सुमाराला कूलर खाली उतरतो तेव्हा त्याच्या टाकीत पांढरा क्षाराचा थर असतो. बोअरचं पाणी दिवसभर उडून जातं, क्षार मागे राहतात आणि जस्त खातात. क्षार खरवडा, गोड्या पाण्याने धुवा, उन्हात दोन दिवस वाळवा, घासा, आणि आतून एपॉक्सीचे दोन हात द्या. बाजारात सर्रास काळा डांबरी रंग मारतात, चालतो, पण उन्हात मऊ पडतो आणि जाळीला चिकटतो. कुठलाही रंग मारा, पाणी भरण्याआधी आठवडाभर सुकू द्या.

ट्रॉलीच्या तळाच्या पत्र्याला रंगाचा खर्च करण्यात अर्थ नाही, पहिल्या खेपेला फावड्याने तो जातो. पैसा चेसिसच्या खालच्या बाजूला आणि जोडांना घाला. युरिया, पोटॅश वाहिल्यावर ट्रॉली धुवा. हवेतली ओल ओढून घेणारं खत खाचेत राहिलं तर कुठलाच रंग तग धरत नाही.

पिण्याच्या पाण्याच्या टँकरला आतून डांबरी किंवा कोल टार एपॉक्सी कदापि नको. पिण्याच्या पाण्यासाठी चाचणी झालेलाच एपॉक्सी घ्या आणि तसं प्रमाणपत्र दुकानदाराकडून मागा. काम आत शिरून करायचं असल्यामुळे एकट्याने करू नका. थिनरची वाफ हवेपेक्षा जड असते, तळाशी साठते, माणूस कळायच्या आत बेशुद्ध होतो. हवा खेळती ठेवणारा पंखा, बाहेर एक सोबती, आणि आत बिडी, बल्ब, ग्राइंडर यांतलं काही नाही.

ऑइल पेंटची आणि जवसाच्या तेलाची बरबटलेली फडकी ढिगात टाकू नका, वाळताना ती स्वतःहून तापतात आणि उन्हाळ्यात पेट घेऊ शकतात. पाण्याच्या बादलीत टाका, मग मोकळी पसरून वाळवा.

उरलेल्या डब्यावर मार्करने तारीख आणि कुठल्या वस्तूला लावला ते लिहून ठेवा. पावसाळा सरला की त्याच डब्यातून डागडुजी करायची: तांबडा ठिपका दिसला तेवढाच भाग घासायचा, आजूबाजूच्या रंगाची कड पॉलिश पेपरने उतरती करायची, प्रायमर फक्त उघड्या लोखंडावर, आणि रंग त्याच्या चार बोटं पुढेपर्यंत.